जर्मनीचे फुटाणे

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा असा निरोप आला, तेव्हा डोळ्यांपुढे आले ते इतिहासाचे सर. प्रार्थना, स्नेहसंमेलन, कौलारू इमारत यांवर बाकीचे लिहितीलच. सरांचं नाव लिहीत नाही. आमच्या १९८७ च्या बॅचला नुसतं 'सर' म्हटलं की पुरतं.

दुसरं महायुद्ध शिकवायची वेळ आली तशी सरांनी भिंतीवरचा नकाशा गुंडाळला आणि खो-खोच्या मैदानावर फक्कीने युरोप आखला. पिंपळाखाली नॉर्मंडी, पाण्याच्या टाकीपाशी इटली, पार त्या खांबाकडे रशिया. आपल्या ईशान्येकडच्या इंफाळ-कोहिमा आघाडीला जागाच उरली नाही, म्हणून तिथला गडी कुंपणापाशी उभा. मी मॉनिटर, त्यामुळे जर्मनी माझ्या गळ्यात. सरांनी माझ्या हातावर वीस फुटाणे मोजून ठेवले. "हे तुझं तेल. एका धावेला एक फुटाणा मला परत."

शिट्टी वाजली. "४ जून १९४४, रोम पडलं!" मी टाकीकडे. "६ जून, नॉर्मंडी!" मी पिंपळाकडे. तिथे धापा टाकतोय तोवर, "२२ जून, बेलारूस!" खांब दुसऱ्या टोकाला. तीन वर्षांपूर्वी, १९४१ ला, याच तारखेला हिटलर रशियात घुसला होता, हे सरांनी मी धावत असतानाच सांगितलं. कुंपणाजवळचा ओरडला, "सर, मी काय करू?" सर म्हणाले, "तुझाही २२ जूनच. जपान्यांनी अडवलेला इंफाळ-कोहिमा रस्ता त्याच दिवशी मोकळा झाला."

मग सरांनी हात पुढे केला. खिसा रिकामा.

"तेल कुठं गेलं?"

"खाल्लं, सर."

मैदान हसलं. सर हसले नाहीत. "असंच संपतं ते. १९४२ मध्ये हे जर्मन रशियाच्या दक्षिणेकडल्या बाकूच्या तेलासाठी निघाले. वाटेतल्या मायकोपच्या तेलविहिरींपाशी पोचले, तर रशियनांनी त्या आधीच निकामी करून ठेवलेल्या. बाकू राहिलं लांब. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडला शरण यायची पाळी आली."

तास संपता संपता ते टाकीपाशी गेले. "इथे कोण लढलं, ठाऊक आहे? आपल्या रायगडचा यशवंत घाडगे." १० जुलै १९४४, टायबरचं खोरं. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा गडी एकटा मशीनगनवर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग शत्रूच्या गोळीने तोही गेला. वय २२, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. सर टाकीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. घंटा झाली तरी कुणी हललं नाही, आणि आमचा वर्ग किती वांड होता हे जुन्या शिक्षकांना विचारा.

आज माझे चौदा ट्रक मुंबई-गोवा रस्त्यावर धावतात. डिझेलचा हिशेब रोज रात्री मी स्वतः बघतो. ड्रायव्हर मला चिकट म्हणतात, म्हणू देत. गेल्या वर्षी शाळेत आलो, तर टाकी पाडलेली आणि मैदानाच्या अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक. त्यावर फक्की कशी मारणार?

तिथून सरांकडे गेलो. ऐकू कमी येतं आता. फुटाण्यांची पुडी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, वीस मोजून वाटीत काढले आणि उरलेली पुडी मला परत दिली.