एका टेबलाभोवती दहाजण

शासनाने एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जागा वाढवल्या की वर्तमानपत्रांत नव्या इमारतीची आणि वाढीव खाटांची चर्चा होते. प्रत्यक्षात वसतिगृहाच्या पाठोपाठ पहिला भार येतो तो शरीररचनाशास्त्र विभागाच्या डिसेक्शन हॉलवर, म्हणजे मृतदेहाचे विच्छेदन करत मुले जेथे शरीर शिकतात त्या दालनावर. वाढलेली तुकडी वॉर्डात रुळायला वर्ष लागते, आमच्या हॉलमध्ये मात्र ती पहिल्याच महिन्यात येऊन उभी राहते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रारंभ १९६२ सालचा. आज तेथे दरवर्षी दोनशे विद्यार्थी एमबीबीएसला प्रवेश घेतात. मी याच विभागात शिकवते.

दोनशेच्या तुकडीसाठी आठशे खाटा हव्यात, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२३ चा निकष आहे. खाटा मंजूर करता येतात, अध्यापकांच्या पदांची लोकसेवा आयोगामार्फत जाहिरात काढता येते, इमारतीची निविदा निघते. देहाची निविदा निघत नाही. एका देहाभोवती दहा विद्यार्थी हे आमच्या विषयातले बरे गणित मानले जाते, म्हणजे दोनशे जणांना वर्षाला वीस देह लागतात. बेवारस मृतदेह १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाखाली मिळू शकतात, पण भरवसा ठेवायचा तो देहदानावरच. म्हणून विभागाचा फोन वाजला की हातातले काम बाजूला ठेवून तो उचलायचा, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे.

त्या दिवशी पहाटे आलेला फोन तासगाव तालुक्यातील एका गावातून होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका रात्री घरीच वारल्या होत्या, त्यांनी देहदानाचा फॉर्म भरलेला होता आणि धाकटा मुलगा पुढे काय करायचे ते विचारत होता. अशा वेळी सांत्वनाचे दोन शब्द बोलून लगेच रुक्ष प्रश्न विचारावे लागतात: मृत्यू किती वाजता झाला, डॉक्टरांचा दाखला मिळाला का, कावीळ किंवा क्षय होता का, नेत्रदान करायचे आहे का, पोलीस केस तर नाही ना. शेवटचा प्रश्न नातेवाइकांना हमखास खटकतो, पण शवविच्छेदन झालेला देह आम्हाला घेता येत नाही, कारण रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात आणि देह टिकवणारे द्रावण सर्वत्र पोहोचत नाही. मिरजेलाच एमबीबीएस झालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी देहदानाचा संकल्प केला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, शवविच्छेदन अटळ ठरले आणि तो संकल्प पुरा होऊ शकला नाही. मुलांना देहदानाविषयी सांगताना हे उदाहरण मी नेहमी देते.

सकाळी शववाहिका आली. सोबत बाईंचे पती म्हणजे मुलांचे वडील, दोन मुलगे, थोरली सून आणि गावातले चारपाच लोक होते. सुनेने मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या आधीच काढून रुमालात बांधून ठेवल्या होत्या. आमचे हॉल अटेंडंट, ज्यांना सगळे विद्यार्थी मामा म्हणतात, त्यांनी रजिस्टरमध्ये ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिले: उजव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले. गोंदण त्वचेच्या आतल्या थरात असल्यामुळे द्रावणाने ते पुसले जात नाही. पुढे त्या टेबलावरचे विद्यार्थी हाताची त्वचा सोडवायला घेतात तेव्हा अशा गोंदणापाशी बहुतेकांची सुरी क्षणभर थांबते, आणि ती थांबावी असेच मला वाटते.

एम्बामिंगच्या, म्हणजे देह टिकवण्यासाठी त्यात द्रावण भरण्याच्या वेळी नातेवाइकांना आत घेत नाहीत. मांडीच्या वरच्या भागातील फिमोरल धमनी उघडून तिच्यात नळी बसवायची आणि फॉर्मॅलिन, स्पिरिट, ग्लिसरीन व फिनॉल यांचे मिश्रण संथपणे सोडायचे. घाई केली तर चेहरा सुजतो. द्रावण पोहोचले की नाही हे बोटांच्या टोकांवरून कळते; तेथली सैल पडलेली त्वचा हळूहळू ताठ होते. काम तासाभराहून अधिक चालते. त्यानंतर देह काही महिने टाकीत राहतो, त्यामुळे आज आलेला देह बहुधा पुढच्या तुकडीच्या वाट्याला येतो. जागा वाढल्याची घोषणा आणि टेबलावरचा देह यांच्या वेळापत्रकात असा फरक असतो, आणि तो कोणत्याही परिपत्रकाने भरून निघत नाही.

मी बाहेर आले तेव्हा वडील माझ्या खोलीसमोरच्या बाकावर बसले होते. द्राक्षबागायतदार, डोक्यावर टोपी, गळ्यात माळ. मला पाहून उठले आणि विचारते झाले, "मॅडम, हिच्यावर किती पोरं शिकत्याल?"

मी म्हटले, "दहा."

त्यांना उत्तर पसंत पडले नाही. "धाच? पोरगा म्हणत हुता, दोनशे पोरं हायत तुमच्याकडं. आवं, हिनं एका खोलीत चार-चार वर्ग सांभाळल्यात."

आपल्या माणसाचा देह अधिकाधिक मुलांच्या उपयोगी पडावा, ही त्यांची इच्छा रास्तच होती. मी त्यांना सांगितले की एका टेबलाभोवती वीस-पंचवीस विद्यार्थी उभे राहिले तर पुढचे चारपाच जण हाताने काम करतात आणि बाकीचे त्यांच्या पाठी बघतात. मज्जातंतू आणि रक्तवाहिनी यांतला फरक बोटांना कळावा लागतो, तो नुसता पाहून कळत नाही. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "खरं हाय. चार वर्ग म्हणजे मागच्या पोराला फळाच दिसत न्हाई, असं ती रोज घरी येऊन सांगायची." जागावाढीविषयी मला जे म्हणायचे असते ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले होते.

डॉक्टर वाढायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साताऱ्यात २०२१-२२ पासून शंभर जागांचे शासकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, वाशीम, हिंगोलीसह राज्यात अशी आणखी दहा महाविद्यालये सुरू होऊन नऊशे जागांची भर पडली. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी राखणारा सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाल्यापासून आमच्या हॉलमध्ये मराठवाड्याची आणि विदर्भाची मुलेही उभी असतात, हेही मला चांगले वाटते. पण यांपैकी प्रत्येक महाविद्यालयाला पहिल्याच वर्षी देह लागणार आहेत, आणि एमबीबीएसनंतर शरीररचनाशास्त्र शिकवायला येणारे डॉक्टर आधीच थोडे आहेत. संगणकाच्या पडद्यावर देह उलगडून दाखवणारी टेबले आता मिळतात. उजळणीसाठी ती उत्तम आहेत, परंतु त्यांत प्रत्येक धमनी पुस्तकातल्या जागीच सापडते. खऱ्या देहात ती बऱ्याचदा भलत्याच ठिकाणाहून निघते, आणि पुढे शल्यचिकित्सा करणाऱ्याने हे पहिल्याच वर्षी पाहिलेले असावे.

थोरला मुलगा सकाळपासून फारसा बोलला नव्हता. निघायच्या वेळी त्याने एवढेच विचारले, "मॅडम, मग तिसऱ्या दिवशी सावडायचं काय?" काही घरे केसांची बट मागून नेतात, काही जण त्या दिवशी झाड लावतात, असे मी सांगितले. वडिलांनी तो विषय तेथेच संपवला आणि स्वतःसाठी फॉर्म मागितला.

फॉर्म देताना मी सर्वांनाच एक गोष्ट स्पष्ट सांगते. भरलेला फॉर्म म्हणजे इच्छा. प्रत्यक्ष निर्णय त्या दिवशी घरात हजर असणाऱ्या जवळच्या नातेवाइकांचा असतो, आणि त्यांच्यापैकी एकाने जरी हरकत घेतली तरी आम्ही देह स्वीकारत नाही. कपाटात नीट जपलेले कितीतरी फॉर्म त्यामुळे आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हे ऐकल्यावर वडिलांनी दोन्ही मुलांना टेबलापाशी बोलावले आणि साक्षीदारांच्या जागी सह्या करायला सांगितले. धाकट्याने लगेच केली. थोरल्याने पेन हातात घेऊन मला विचारले, "हा फॉर्म पुढं रद्द करता येतो का?"

"केव्हाही येतो," मी म्हणाले.

मग त्याने सही केली.