तीन हजारांची शाबासकी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एखादा छोटा कारखाना डोळ्यांपुढे आणा. 22 माणसं आणि कौतुकासाठी महिन्याला 3,000 रुपये. सगळ्यांना सारखे वाटले तर माणशी 136 रुपये येतात आणि पगारात विरघळून जातात. त्यापेक्षा चौघांना 300-300 द्या, महिन्यातून एकदा सगळ्यांच्या चहा-भज्यांना 800 काढा आणि उरलेले 1,000 बाजूला टाका. वर्षाअखेर 12,000 हाताशी असतील.

दिवाळीचा बोनस यात धरू नका. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, कायद्याच्या वेतनमर्यादेत बसणाऱ्याला किमान 8.33 टक्के बोनस हा हक्कच आहे. हक्काचं देऊन कौतुक केल्याचा आव आणला की माणसं मनातून दुरावतात.

त्या 300 रुपयांचं मोल वेळेवर ठरतं. सुपरवायझरच्या खिशात छोटी वही असू द्या. रोज एक ओळ: कोण, काय केलं, त्यामुळे कोणतं नुकसान टळलं. दोन दिवसांच्या आत त्या माणसाच्या मशीनपाशी जाऊन सांगा. नुसतं ‘छान काम’ पुरत नाही. ‘बोअर (नगाचं आतलं भोक) 0.05 मिलिमीटर मोठा येतोय हे तू तिसऱ्याच नगाला पकडलंस, पुढचे साठ वाचले,’ असं म्हटलं की शेजारचा लेथवालाही गेज लावून माप तपासायला शिकतो. काहींना चारचौघांत नाव घेतलेलं आवडत नाही. त्यांना बाजूला घेऊन सांगा.

आता कुठे बिघडतं ते. नगांच्या संख्येवर बक्षीस ठेवलं की रिजेक्शन वाढतं, म्हणून तपासणीत पास झालेलेच नग मोजा. ‘महिनाभर अपघात नाही’ यावर बक्षीस तर ठेवूच नका. कापलेलं बोट फडक्यात गुंडाळून लपवलं जातं. थोडक्यात टळलेला अपघात स्वतःहून सांगणाऱ्याला बक्षीस द्या. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तापात माणूस मशीनवर उभा करतं, आणि लहान मूल असलेल्या बाईला ते कधीच मिळत नाही.

पॅकिंगवाले, झाडलोट करणारी बाई, रात्रीचा वॉचमन हमखास सुटतात. महिनाअखेरीला हजेरीपटाशेजारी वही ठेवा. तीन महिन्यांत ज्याचं नावच आलेलं नाही, त्याच्याकडे बहुतेक वेळा कुणी पाहिलेलंच नसतं.

वडोदऱ्यात वेळ ही पैशापेक्षा मोठी भेट ठरते. 600 रुपये रोज असलेल्या माणसाची भरपगारी अर्धी सुट्टी 300 रुपयांतच पडते, पण ती कधी हवी हे त्याला निवडू द्या. दांडिया बाजारातल्या मराठी घरात गौरी महत्त्वाच्या, कुणाला गरब्यानंतर सकाळी दोन तास उशिरा यायचं असतं, कुणाला 15 जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाचा पतंग उडवायचा असतो. पंधरा दिवस आधी नक्की करा. डिस्पॅचची घाई असेल तर तेव्हाच नाही म्हणा. दिलेली सुट्टी ऐनवेळी परत घेतली तर वर्षभराची शाबासकी वाया जाते.

साठलेल्या 12,000 मधून घड्याळं, डबे घेऊ नका. चांगल्या कारागिराला त्याचं नाव कोरलेला, मोजमापाचा स्वतःचा व्हर्नियर द्या, शिकाऊ पोराची ड्रॉइंग वाचनाच्या वर्गाची फी भरा. हिशेबात एवढंच बघा: एका कर्मचाऱ्याला आर्थिक वर्षात 50,000 रुपयांपर्यंतच्या भेटींवर जीएसटी लागत नाही, पण त्या खरेदीचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावटही, मिळत नाही. रोख रक्कम मात्र पगारपत्रकातूनच जाऊ द्या.