टिपेतले एक काटेरी झाड

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्याच विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागातून मला एक पत्र आले. त्यांच्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीच्या प्रगती अहवालाचे सादरीकरण होते आणि त्या दिवसापुरते विभागीय संशोधन समितीत बाहेरचा सदस्य म्हणून मी बसावे, अशी विनंती होती. मी प्राचीन मराठी गद्य शिकवतो. विज्ञानाच्या त्या इमारतीत एवढ्या वर्षांत मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाखेरीज दुसऱ्या कामासाठी गेलेलो नव्हतो. पत्र चुकून आले असावे असे समजून मी फोन केला, तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी प्रबंधाचा विषय वाचून दाखवला. पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळरानांचा इतिहास हा तो विषय होता, आणि साधनांच्या यादीत लीळाचरित्र व स्थानपोथी हे महानुभाव पंथाचे जुने ग्रंथ आणि जात्यावरच्या ओव्या होत्या. त्यानंतर नाही म्हणणे शक्य नव्हते.

सह्याद्रीच्या पूर्वेला पुरंदर, बारामती, इंदापूर, कर्जत असा जो कोरडा पट्टा पसरला आहे, तेथे आज मैलोगणती गवत आणि अधूनमधून काटेरी झाडे दिसतात. एक मत असे, की येथे पूर्वी दाट अरण्य होते. माणसाने ते तोडले, गुरांनी ते खाल्ले, आणि उरला तो हा उजाड माळ. इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याची दृष्टी साधारण हीच होती, आणि ज्या जमिनीवर झाडे नाहीत ती पडीक, ही आपली सरकारी समजूत तिथूनच चालत आलेली आहे. दुसरे मत असे, की हा माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. तो स्वतःच एक जुनी, पूर्ण परिसंस्था आहे आणि काळवीट, लांडगा, चिंकारा, माळढोक हे त्याचे मूळचे रहिवासी आहेत. हा वाद नुसता पंडिती नाही. पहिले मत खरे मानले, तर माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावणे हे पुण्यकर्म ठरते; दुसरे खरे असेल, तर तेच कृत्य विध्वंसाचे ठरते.

सादरीकरण साडेदहाला सुरू झाले. समितीत पर्यावरणशास्त्राचे दोन प्राध्यापक होते, भूशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते आणि मी होतो. विद्यार्थिनीने प्रथम आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांच्या अलीकडच्या शोधनिबंधाचा उल्लेख केला. त्या दोघांनी तेराव्या शतकापासूनच्या २८ कथा, ओव्या आणि काव्ये तपासून त्यांत ४४ रानवनस्पतींचे उल्लेख शोधले होते, आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश वनस्पती माळरानाची ओळख सांगणाऱ्या निघाल्या होत्या. हा माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहे, असा त्याचा इत्यर्थ. हिला तीच वाट धरून काही तालुक्यांपुरते अधिक बारकाईने काम करायचे होते.

तिसऱ्या-चौथ्या पारदर्शिकेवर मला माझेच पुस्तक दिसले. बारा वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांसाठी जुन्या मराठी गद्यातल्या वेच्यांचे एक संपादन केले होते. त्याच्या टिपांतल्या तीन ओळी तिने मोठ्या करून भिंतीवर टाकल्या होत्या. ‘हिवर : एक काटेरी झाड.’ ‘तरवड : एक झुडूप.’ ‘खैर : एक झाड.’ तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जुन्या ग्रंथांच्या छापील आवृत्त्यांत वनस्पतींवर टिपा अशाच असतात, त्यामुळे कोणती जाती ते ठरवणे अवघड जाते, एवढेच ती म्हणाली. पुस्तक माझे आहे हे तिच्या ध्यानात नव्हते, असे मला अजूनही मानावेसे वाटते. मोल्सवर्थने १८५७ सालच्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत कितीतरी झाडांपुढे लॅटिन नावे दिली आहेत. परमुलखातून आलेल्या त्या लष्करी गृहस्थाला हे झाड नेमके कोणते, हा प्रश्न पडला होता. मला मात्र विभक्तिप्रत्ययांपलीकडे काही पडले नव्हते.

पहिला आक्षेप अपेक्षित दिशेने आला. समितीतले एक प्राध्यापक म्हणाले, “कवीने झाडाचे नाव घेतले म्हणून ते झाड तेथे होते, हे कशावरून?”

विद्यार्थिनी क्षणभर गप्प झाली, आणि आपल्याला येथे का बोलावले आहे ते मला उमगले. मी म्हणालो की आक्षेप रास्त आहे, परंतु तो सगळ्या वाङ्मयाला सारखा लागू होत नाही. पंडिती आख्यानकाव्यात वनवर्णन आले की चंदन, अशोक, बकुळ, केतकी असा ठरलेला ताफा येतो. कवी कोठे राहत होता आणि कथा कोठे घडते यांच्याशी त्याचा संबंध नसतो, कारण ती यादी परंपरेकडून आलेली असते. ज्ञानेश्वरीतली झाडे बहुधा दृष्टान्तात येतात, म्हणजे ती श्रोत्यांच्या ओळखीची होती एवढेच फार तर म्हणता येईल. तुकोबांनी वृक्षवेलींना सोयरे म्हटले त्या अभंगाने आपले मन निवते, पण कोणते वृक्ष आणि कोणत्या वेली, हे त्यात नाही. लीळाचरित्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. इ. स. १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गावोगाव फिरून, ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांना विचारून गोळा केल्या. त्यात एखादे झाड आले तर ते वर्णनासाठी येत नाही. कोणी तेथे बसले, कोणी तेथे जेवले, म्हणून ते येते. स्थानपोथी तर त्याहून रूक्ष आहे. स्वामी कोणत्या गावी कोठे राहिले, देऊळ कोणत्या दिशेला, नदी कोणत्या बाजूला, याची ती नोंदवही आहे, आणि भाविकाला जागा सापडावी एवढाच तिचा हेतू आहे. ज्या लेखकाला झाडाविषयी काहीच सांगायचे नाही, त्याने ओघात घेतलेले झाडाचे नाव हीच सर्वांत विश्वासार्ह साक्ष. त्यामुळे तिने आपली साधने काव्य आणि गद्य अशी न विभागता, स्थळाशी बांधलेले उल्लेख आणि संकेताने आलेले उल्लेख अशी विभागावीत, असे मी सुचवले.

भूशास्त्राचे प्राध्यापक यावर एकदम खुलले. ते म्हणाले की खडकाच्या बाबतीत तेही नेमके हेच करतात. मुद्दाम मांडलेल्या वस्तूपेक्षा सहज पडून राहिलेली वस्तू अधिक खरे बोलते. मग त्यांनी आपल्या बाजूची अडचण सांगितली. जुनी वनस्पतिसृष्टी ओळखण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तळ्याच्या गाळात थरांनी साचलेले परागकण. पण या भागात न आटणारी जुनी नैसर्गिक तळी फारशी नाहीत, आणि जी काळी माती दरवर्षी भिजते, फुगते, वाळते आणि भेगाळते, तिच्यात पराग टिकत नाहीत. दुसरा मार्ग मातीतल्या चुनखडीच्या खड्यांतील कार्बनचा. उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते आणि झाडे हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने घेतात, त्यामुळे त्याच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण बदलते, आणि त्यावरून तेथे गवत अधिक होते की झाडे, याचा अंदाज करता येतो. भारतीय उपखंडात अशी गवते ७०-८० लाख वर्षांपूर्वी पसरू लागली, हे शिवालिकच्या थरांतून याच पद्धतीने कळले आहे. “पण माझा काटा हजारांच्या आणि लाखांच्या हिशेबात फिरतो,” ते म्हणाले, “यादवांच्या काळात सुप्याला काय होते, ते मला सांगता येणार नाही. ते तुमच्या म्हाइंभटांनाच विचारायला हवे.”

या उत्साहात मी जरा वाहवलो. येताना मी संस्कृत विभागातून चरकसंहिता आणली होती. जंगल हा शब्द आपण दाट अरण्यासाठी वापरतो, परंतु त्याचे मूळ असलेला जांगल हा शब्द आयुर्वेदात अगदी उलट अर्थाचा आहे. देश तीन प्रकारचे मानले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जांगल देशाचे वर्णन ‘पर्याकाशभूयिष्ठ’ या विशेषणाने सुरू होते. जेथे चहूकडे मोकळे आकाशच जास्त, तो देश. तेथे खैर, बोर, शमी आहेत, वाळू आणि खडे आहेत, मृगजळ आहे, कोरडा वारा आहे, लावे आणि तित्तिर फिरतात, आणि माणसे कणखर आहेत. मी वाचून दाखवले तेव्हा भूशास्त्राचे प्राध्यापक हसून म्हणाले, “हे तर मोरगावच्या रस्त्याचे वर्णन झाले.”

विद्यार्थिनी ते घाईघाईने लिहून घेऊ लागली आणि मला तिला थांबवावे लागले. त्याच यादीत साल आणि वडही आहेत. तो ग्रंथ महाराष्ट्राचे वर्णन करत नाही. तो वैद्यासाठी एक नमुना मांडतो. शब्दाचा अर्थ कसा उलटत गेला, हे प्रस्तावनेत सांगायला ते फार चांगले आहे, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. मोह पडतो असे दाखले मराठीच्या प्रबंधांत आम्ही सर्रास पुरावा म्हणून चालवून घेतो, हे मला त्या खोलीत बसून प्रकर्षाने जाणवले.

साडेबाराला बैठक संपली. ती दुपारी मयूरेश्वर अभयारण्यात गवताच्या नोंदी घ्यायला जाणार होती. “सर, आपण येता का?” असे तिने विचारले आणि मी तास रद्द करून गेलो. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचे हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. दिवेघाट, सासवड, जेजुरी करत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते आणि गवत सोनेरी झाले होते. दहा पावलांत माझ्या विजारीला कुसळे टोचू लागली. दूर एक चिंकारा आमच्याकडे पाहत उभा होता. ती मोजमापाची चौकट मांडण्यात गुंतल्यामुळे तो फक्त मलाच दिसला.

कुंपणाबाहेरच्या गायरानात एक मेंढपाळ आपली मेंढरे आणि दोन-चार शेळ्या घेऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि बोलणे सुरू करायचे म्हणून समोरच्या हिरव्या काटेरी झाडाकडे बोट दाखवून म्हणालो, “बाबा, बाभळी बऱ्याच दिसतात इकडे.”

ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. “ती बाभळ न्हाई, सायेब. येडी बाभळ हाय ती. शेंग खात्यात शेरडं, पाल्याला तोंड लावीत न्हाईत. बाभळ ती पल्याडची, काळ्या खोडाची. आन् ह्यो पांढऱ्या सालीचा हिवर.”

हिवर माझ्यापासून वीस हातांवर होता. छत्रीसारखा पसरलेला, फिकट सालीचा, पिवळसर पांढऱ्या फुलोऱ्याने भरलेला. बारा वर्षांपूर्वी टीप लिहिताना मला तो असा डोळ्यांपुढे असता, तर ‘एक काटेरी झाड’ एवढ्यावर मी भागवले नसते, कारण मी वेडी बाभूळ, बाभूळ आणि हिवर ही तिन्ही काटेरी झाडे आता एकाच जागेवरून पाहत होतो आणि तिघांत काही म्हणता काही साम्य नव्हते.

परतीच्या वाटेवर बोलणे याच गोष्टीवर चालले. वेडी बाभूळ ही अमेरिका खंडातली. ती एकोणिसाव्या शतकात भारतात आणली गेली. म्हणजे गेल्या शंभर वर्षांत रचलेल्या ओवीतली बाभळ कोणती, हा प्रश्न उरतोच. निवडुंगाचेही तसेच. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, पण त्याआधी येथले शेराच्या जातीचे निवडुंग होतेच, आणि शब्द दोघांना एकच. शब्द जागेवर राहतो आणि त्याच्या आतले झाड बदलते. उलट याचाच उपयोग करून एखाद्या पोथीत मागाहून घातलेला मजकूर ओळखता येईल का, असे तिने विचारले. मिरचीचा उल्लेख आला तर तो भाग पोर्तुगीज येण्यापूर्वीचा नाही, हे आम्हांलाही ठाऊक असते. परंतु माळावरच्या झुडपांना ती कसोटी लावून पाहण्याचे कोणाच्या मनात आले असेल, असे वाटत नाही. अमेरिकेतूनच आलेल्या घाणेरीचे नाव असलेली ‘फार जुनी’ ओवी मला त्याच क्षणी आठवली आणि ती वर्गात मी कितीदा जुनी म्हणून सांगितली आहे, तेही आठवले. दिवेघाट उतरेपर्यंत मी फारसे बोललो नाही.

समितीने मला तिचा सहमार्गदर्शक करावे अशी शिफारस केली. त्यासाठीचा अर्ज दोनदा परत आला आहे, कारण त्यात विज्ञान किंवा मानव्यविद्या यांपैकी एकाच चौकटीत खूण करता येते आणि आम्ही दोन्हींत केली होती. लिपिकांनी तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला असून वरून विचारणा केली आहे. दरम्यान तिने मला वनस्पतींच्या नावांची एक यादी पाठवली आहे. प्रत्येक नावापुढे ग्रंथातले स्थळ, उल्लेख सहज की सांकेतिक, आणि झाड कोणते, असे तीन रकाने आहेत. दर रविवारी एखाद्या माळावर जाऊन मी ती भरतो. सध्या नेपतीवर अडलो आहे. नेपती म्हणजे संस्कृतातला करीर, जवळजवळ बिनपानांचे काटेरी झुडूप, हे मला कोशातून ठाऊक आहे. ते अजून पाहिलेले नाही, म्हणून तिसरा रकाना कोरा ठेवला आहे.