आरएक्स १००: कार्ब बदलला, पण आधी हवा कुठून येतेय ते शोधलं

यामाहाच्या आरएक्स हंड्रेड ह्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची रेस खाली येईना झाली की कोल्हापुरात कुणीही एकच सांगतो, "कार्ब गेला, बदलून टाक." माझ्या गाडीचा कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, खरंच गेला होता. पण गाडी एअरही घेत होती, म्हणजे कार्ब सोडून कुठल्यातरी फटीतून जादा हवा आत जात होती. ही दोन दुखणी वेगळी आहेत. दोन्ही एकदम असली की लक्षणं एकमेकांत अशी मिसळतात की नुसता कार्ब बदलून भागत नाही. त्यामुळे नवा कार्ब आणण्याआधी मी आधी गळतीच्या मागे लागलो. ज्यांच्याकडे जुनी टू-स्ट्रोक आहे त्यांनी हे काम ह्याच क्रमाने करावं असं मला मनापासून वाटतं.

गाडी वडिलांनी घेतलेली, ९५ चं मॉडेल. एस्कॉर्ट्सने आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ च्या शेवटी आणली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे ही शेवटच्या शेवटच्या गाड्यांतली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, मिकुनीचा व्हीएम२० कार्ब. इंजिनाला वेगळं ऑइल पुरवणारा ऑइल पंप मधे कधीतरी काढून टाकलाय. मी पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळतो, लिटरला ३० मिली.

लक्षणं अशी होती. दसरा चौकात सिग्नलला थ्रॉटल सोडला तरी इंजिन थोडा वेळ तसंच ओरडत राहायचं, मग एकदम खाली बसायचं आणि बंद पडायचं. थंड असताना ठीक, गरम झाली की बिघाड. प्लग काढला की टोकाचं पोर्सलिन पांढरंफटक, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे एअर स्क्रू. व्हीएम कार्बमध्ये हा स्क्रू हवेचा असतो, पेट्रोलचा नाही. आत फिरवला की हवा कमी, मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. साधारण दीड फेरा बाहेर हे त्याचं नेहमीचं ठिकाण. माझ्या गाडीत तो पूर्ण आत गेला तरच स्लोला (थ्रॉटल सोडल्यावरच्या रेसला) काहीतरी जीव यायचा. म्हणजे कार्बमधली स्लोच्या वाटेची हवा तोडली तरी इंजिनाला दुसरीकडून पुरेशी हवा मिळतच होती.

फोर-स्ट्रोकमध्ये असली गळती त्रास देते, फार तर व्हॉल्व्ह तापतात. टू-स्ट्रोकचं तसं नाही. इथे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये जातं, तिथे दाबलं जातं आणि मग वर येतं. क्रँकची बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टनचा स्कर्ट, सगळ्यांना ऑइल त्या मिश्रणातूनच मिळतं. फटीतून आत आलेल्या हवेत पेट्रोल नसतं की ऑइल नसतं. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि एक्झॉस्टच्या बाजूने सिलिंडरला घासतो. चढाला एकदा पिस्टन धरला की बोअर गेलाच. म्हणून "मोठा मेन जेट टाक, आपोआप बसेल" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मेन जेट म्हणजे कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक, आणि त्याचं काम थ्रॉटल उघडल्यावर सुरू होतं. गळती सगळ्यात जास्त जाणवते ती थ्रॉटल बंद असताना, कारण तेव्हा ओढ जास्त आणि मिश्रण कमी. जेट वाढवून एका जागी झाकलं तरी दुसऱ्या जागी ते तसंच राहतं.

गळती शोधायला मी बीपीचं मशीन वापरलं, घड्याळाच्या डायलवालं. दंडाला बांधायचा पट्टा काढला. फुगा आणि डायल ह्यांच्या नळ्या एका प्लॅस्टिकच्या टी-जोडाला लावल्या. हा जोड शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात, फिशटँकच्या सामानात मिळतो. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून रबर जॉइंटच्या (कार्ब आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळीच्या) तोंडात घट्ट बसेल असं नायलॉनचं बूच करून घेतलं, मधे नळीपुरतं भोक. ते कार्बच्या जागी बसवून क्लिप आवळली. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा ठेवला, वर जाड पट्टी, आणि बोल्ट कसले. प्लग जागेवर. पिस्टन अगदी खालच्या टोकाला आणला, म्हणजे सगळे पोर्ट उघडे राहतात आणि आतली सगळी पोकळी एकच होते. रीडची, म्हणजे इनलेटमधल्या एकतर्फी झडपेची, पानं आतल्या बाजूला उघडतात, त्यामुळे इनलेटकडून दिलेली हवा बिनबोभाट क्रँककेसमध्ये जाते.

डायलवर ३०० (मिलिमीटर पारा) म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय. टू-स्ट्रोक तपासायला ५-६ पीएसआयच लागतो, त्यावर जाऊच नये, सीलची कड उलटते. चांगल्या इंजिनाचा काटा मिनिटाला पन्नासापेक्षा जास्त उतरू नये. माझा ३०० वरून बघता बघता शंभराच्या खाली आला, फुगा दाबेपर्यंतही थांबला नाही.

मग ब्रश आणि साबणाचं पाणी.

पहिले बुडबुडे रबर जॉइंटवर, खालच्या बाजूला. वरून बघितलं तर रबर धडधाकट. काढून दोन्ही अंगठ्यांनी वाकवलं तेव्हा धातूची बैठक आणि रबर जिथे जुळतात त्या घडीत बारीक चीर उघडली, नखाएवढी लांब. आत जुन्या सिलिकॉनचा थर होता, कधीतरी कुणीतरी भरलेला. पेट्रोल लागून तो मऊ पडला होता आणि बोटाला लागत होता. रबर जॉइंटवर सिलिकॉन भरून कधीच चालत नाही. तो भाग बदलायचाच असतो, आणि तो काही फार महाग नाही.

दुसरी जागा मला जास्त रंजक वाटली. रीडची पेटी आणि सिलिंडर ह्यांच्या मधलं पॅकिंग. त्या चार बोल्टांपैकी वरच्या दोघांच्या मधे बुडबुडे येत होते. पॅकिंग नवं टाकूनही आले. मी कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे सरफेस प्लेट (अगदी सपाट केलेली पाटी) हाताशी. रीडची पेटी प्लेटवर पालथी ठेवली आणि फिलर गेज सरकवला. चारही कोपरे टेकलेले, मधे मात्र ०.१० मिमीची पट्टी आरामात आत. अॅल्युमिनियम मऊ असतं. बोल्ट वर्षानुवर्षं जोर लावून आवळले की बोल्टांच्या भोकांचे कान खाली ओढले जातात आणि मधला भाग उचलतो. मग जितकं जास्त आवळाल तितकी फट मोठी. जाड काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, थोडं ऑइल टाकलं, आणि पेटी आठाच्या आकारात हळूहळू घासली, रीडची पानं आधी काढून. सुरुवातीला चमक फक्त चार कानांवर दिसते, मग ती कडांनी सरकत सरकत मधे येते. पूर्ण चौकट एकसारखी मळकट चंदेरी झाली की थांबायचं. नवं पॅकिंग, बोल्ट कोपऱ्यातून कोपऱ्यात, आखूड पान्ह्याने.

परत दाब दिला. काटा आता हळू उतरत होता, पण उतरत होता. जॉइंट कोरडा, सिलिंडरची बैठक कोरडी. मॅग्नेटचं कव्हर काढलं तर स्टेटर प्लेटच्या मागून साबणाचा फेस येत होता. डावीकडचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या शाफ्टभोवतीची रबरी कडी. मॅग्नेट काढायला पुलरच लागतो, हातोडीने कोपऱ्यावर मारून काढणारे आहेत, त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका, क्रँक वाकडा होतो. हे काम माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे केलं. "मामा, सील बाहेरनं निघंल न्हवं?" "निघतंय की, तू फक्त शाफ्टला ओरखडा पडू देऊ नगंस." निघालेल्या सीलची कड वाळक्या चामड्यासारखी कडक झाली होती. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावून सपाट दाबून बसवलं. उजव्या क्लचकडच्या सीलसाठी गिअर ऑइलचं झाकण उघडून तिथे साबणाचा फेस धरला, फुगला नाही. गिअर ऑइल कमी होत नाही आणि धूरही जादा नाही, म्हणून ते तसंच ठेवलं.

आता काटा जागेवर राहिला. मग कार्ब.

जुन्या कार्बची स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारा तुकडा) बोअरमध्ये टाकून हलवली की टकटक वाजायची. इंजिनाच्या बाजूला बोअरमध्ये बोटाला कळेल असा खड्डा पडला होता. थ्रॉटल बंद असला तरी स्लाइडच्या कडेने हवा जाणारच. ह्याला नुसती नवी स्लाइड पुरत नाही. मिस्त्रींचं मत होतं, दुसऱ्या गाडीचा मोठा कार्ब टाकू, पळायला बरी. मला ते नको होतं. ह्या इंजिनाचे पोर्ट, रीड आणि कार्ब एकमेकांना धरून आहेत, आणि शहरात गाडी चालते ती पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर. व्हीएम२० च हवा. चेन्नईच्या यूकॅलने मिकुनीच्या सहकार्याने आपल्याकडे हे कार्ब बनवले, पण आज बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. मी दुकानातच स्लाइड घालून ढिलाई बघतो, जेटवरचे आकडे स्वच्छ उमटलेत का बघतो, आणि जोडाच्या तोंडावर ओतकामाची धार राहिलीय का बोट फिरवून बघतो. जुन्या कार्बवरचेच जेटचे नंबर मिळाले तो कार्ब घेतला. निडल आणि निडल जेट मात्र नव्याचेच ठेवले, ती जोडी एकत्रच झिजते.

एक गोष्ट सहज राहून जाते. ऑइल पंप काढलेल्या गाडीत कार्बवरची ऑइलच्या नळीची बारीक निपल उघडी राहते. तिथूनही हवा आत जाते. मी रबरी टोपी घालून वर तार आवळली.

सेटिंग इंजिन गरम करूनच केलं. निडलची क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरा, मग पाव पाव फेरा इकडेतिकडे करून रेस जिथे सगळ्यात वर जाते तिथे थांबायचं आणि स्लो स्क्रूने खाली आणायची. माझा स्क्रू दीडच्या थोडा पुढे थांबला. रेस आता थ्रॉटल सोडल्यासरशी खाली येते.

खरी परीक्षा पन्हाळ्याचा चढ. वाघबीळच्या पुढे तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल दिला, थोडं अंतर तसंच ओढलं, आणि क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद. बाजूला घेऊन प्लग काढला. पोर्सलिन फिकट तपकिरी, कड कोरडी. उतरताना मधेमधे थ्रॉटल उघडत आलो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणाऱ्यांनी घाटात हे पाळावंच, कारण थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरत असतं.

आता एकच काळजी, पेट्रोलमधलं इथेनॉल. आमच्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ते तयार होतं, त्यामुळे तक्रार करायला जीव धजत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर मी नळ बंद करून फ्लोट बाउल (कार्बखालची पेट्रोलची वाटी) रिकामा करून ठेवतो.

नायलॉनचं बूच आणि बीपीचा फुगा डबीत घालून ठेवलेत. कोल्हापुरात कुणाची आरएक्स एअर घेत असेल तर सुट्टीच्या दिवशी घेऊन या, अर्ध्या तासात कळतं.