धोटा, नाडे आणि शटल

सोलापूरला मी याआधी तीनदा गेले होते. तिन्ही वेळा सिद्धेश्वराचं तळं बघितलं, शेंगाचटणी घेतली आणि गाडीत बसले. पूर्व भागात पाऊल पडलं नव्हतं. या खेपेला मैत्रिणीचं माहेर तिकडं निघालं. अशोक चौकात रिक्षा सोडली आणि यंत्रमागांच्या खडखडाटात पत्ता विचारत सुटले. दारातल्या दोन बायकांनी तो आपसात तेलुगूत ठरवला आणि मला मराठीत सांगितला.

घर पद्मशाल्यांचं. पूर्वज तेलंगणातून विणकामासाठी आलेले. मैत्रिणीची आजी म्हणाली, "कूसो." मी उभीच. "बसा म्हणते आजी," मैत्रिणीचा भाचा म्हणाला. मैत्रीण लहानपणी तिला नायनम्मा म्हणायची. हा आजी म्हणतो. ती तेलुगूत बोलते, तो मराठीत उत्तर देतो, आणि घरात कुणाला त्यात काही खटकत नाही.

माळ्यावरून हातमागाचा धोटा काढला, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा. होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी, कडा हातानं गुळगुळीत झालेल्या. आजी म्हणाली, नाडे. यात कंडे बसते. पडुगु म्हणजे उभा धागा, पेका आडवा. "कंडे म्हणजे आमची सुताची कांडीच की!" मी म्हटलं. माग आणि मग्गम तर सख्खेच वाटले. पण पडुगु म्हटल्यावर मैत्रिणीची आई आमच्याकडे बघत राहिली. मैत्रिणीचे वडील तीस वर्षं यंत्रमागावर. त्यांच्या तोंडी धोट्याला शटल, शिवाय बीम, जकार्ड असे यंत्रमागाचे शब्द. हातमाग अडगळीत गेला आणि त्याचे शब्दही. भाषा घरात असून तिची एक अख्खी खोली रिकामी.

आता तेलुगू काही मरणपंथाला लागलेली भाषा नाही. २०११च्या जनगणनेत तिचे भाषक आठ कोटींवर आहेत, २००८ साली ती अभिजात ठरली. मराठीला त्यासाठी २०२४ उजाडावं लागलं, ते सोडा. एका छताखाली दोन अभिजात भाषा, आणि पोराचा गृहपाठ इंग्रजीत. आटतेय ती सोलापूरची तेलुगू, मध्येच 'पण' आणि 'म्हणजे' घालणारी. हैदराबादचे पाहुणे तिला हसतात. म्हणून भाचा त्यांच्यापुढे तोंडच उघडत नाही. मला वाटतं, शाळेनं जेवढं नसेल तेवढं त्या हसण्यानं केलं असावं.

भाताबरोबर पप्पू, म्हणजे वरण, आणि वरून पुन्हा भात. निघताना आजी दारापर्यंत आली. "पोयि रा."

"जा म्हणते आजी," भाचा म्हणाला.

आजीनं त्याच्या डोक्यात टपली मारली. तिला मराठी नीट कळतं.

"रा राहिलं की रे! जाऊन *ये* म्हणले मी."