लहान मेंदूतले पट्टे

"सर, बाई हलल्या बहुतेक. टी-टू स्कॅन परत घेऊ?" टेक्निशियनने विचारलं. शनिवारची दुपार, टिळक रोडवरचं आमचं एमआरआय सेंटर, बाहेर अजून चार पेशंट. फॉर्मवर एवढंच लिहिलेलं : 'डोकेदुखी, तोल जातो.' सोबत दीड वर्षापूर्वीचा सीटी, रिपोर्टमध्ये 'लहान मेंदूत उजवीकडे जुना इन्फार्क्ट', म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग.

स्क्रीनवर लहान मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात पट्टे होते, एक गडद, एक फिका, वाघाच्या कातड्यासारखे. पण त्या भागात असे पट्टे खोटेही असतात. शेजारच्या मोठ्या शिरेतून रक्त वाहताना चित्रावर सावल्या उमटतात, आणि मशीन चित्र ज्या दिशांनी भरतं, त्यांतल्या फेज एन्कोडिंग नावाच्या एका दिशेनेच त्या पसरतात. म्हणून तोच सिक्वेन्स जसाच्या तसा घेऊन उपयोग नव्हता. फेजची दिशा बदलून घ्यायला सांगितलं. सावल्या असत्या तर फिरल्या असत्या. पट्टे जागचे हलले नाहीत.

जुना इन्फार्क्ट आक्रसतो. हा भाग फुगून चौथ्या व्हेंट्रिकलवर, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीवर, दाब देत होता. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं चित्र उजळवणारं औषध, दिल्यावर गाठ तशीच राहिली, फक्त घड्यांमधून खोल जाणाऱ्या शिरा उजळल्या. लेर्मिट-डुक्लो! १९२० साली या दोन फ्रेंच डॉक्टरांनी वर्णिलेली, ग्रेड १ ची, म्हणजे सौम्य, गाठ. २० वर्षांत मी प्रथमच पाहत होतो.

सीटी वाचणाऱ्याला मी दोष देणार नाही. तिथल्या जाड हाडांमुळे सीटीत रेघोट्या येतात. माझा राग त्या फॉर्मवर आहे. मोठ्या माणसात ही गाठ दिसली की काउडन सिंड्रोमचा विचार करावाच लागतो. त्यात पीटीईएन जनुकात बिघाड असतो आणि स्तन, थायरॉइड, गर्भाशय यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मी उठून बाहेर गेलो. ताईंच्या गळ्यावर आडवा व्रण होता. "थायरॉइडचं ऑपरेशन झालंय ना, सहा वर्षं झाली." नाकाच्या कडेला बारीक पुटकुळ्या, हिरड्यांवरही तशाच. टेक्निशियन म्हणाला, डोकं हेड कॉइलमध्ये, म्हणजे डोक्याभोवती बसवायच्या पिंजऱ्यात, जेमतेम बसलं. नवरा म्हणाला, "हिला हेल्मेटच मिळत नाही, सर." काउडनची ही सगळी चिन्हं समोर होती, कुणी विचारलं नव्हतं.

रिपोर्टमध्ये मी जेनेटिक तपासणी आणि स्तनांच्या तपासणीचा सल्ला लिहिला. पाठवणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला, "ब्रेनच्या रिपोर्टमध्ये ब्रेस्ट कशाला? पेशंट घाबरतो." ती ओळ मी काढली नाही. ऑपरेशनचं न्यूरोसर्जन ठरवतील, गाठ संथ आहे, त्याची मला तेवढी काळजी नाही.

निघताना नवऱ्याने बाकावरच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवलं. "हिचंही डोकं मोठंच आहे, सर. तिला काही नसेल ना?" आईत हा बिघाड असेल, तर मुलांत उतरण्याची शक्यता ५० टक्के. मी म्हणालो, "आधी ताईंची रक्ततपासणी होऊ द्या, मग मुलीलाही जेनेटिक काउन्सेलरकडे न्या." उत्तर बरोबर होतं. पण ते मी कॉरिडॉरमध्ये, उभ्याउभ्या दिलं, आणि काउंटरवरून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जात होतं.