कर्ता कोण ते आधी बघा

शब्द फळ्यावर लिहिला की आमचे इंग्रजीचे सर लगेच अर्थ सांगत नसत. हा शब्द कुठे कानावर पडलाय का, ते आधी विचारत. ‘रिमिट’ त्यांनी मनीऑर्डरीवरून शिकवला. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतली बहुतेक घरं मुंबईच्या पैशांवर चालत. पोस्टमन दिसला की आज्या विचारायच्या, “मनीऑर्डर इली काय रे?” पोस्टाच्या भाषेत पैसे पाठवणारा तो ‘रिमिटर’, हे कळलं आणि परळच्या गिरणीत राबणाऱ्या माझ्या बाबांचा मला केवढा अभिमान वाटला!

सर शब्दाच्या मुळाशी नेत. लॅटिन ‘मिट्टेरे’ म्हणजे पाठवणे, सोडणे. सबमिट, ॲडमिट, परमिट ही त्याच घरची भावंडं. ‘रिमिटेड’मध्ये ‘टी’ दोनदा, कारण आघात दुसऱ्या शब्दावयवावर. ‘लिमिटेड’मध्ये तो पहिल्यावर, म्हणून एकच.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पोस्टमन आमच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागला. सत्र फीची मुदत आली. सरांनी आम्हाला वर्गात थांबवून इंग्रजीत अर्ज लिहायला शिकवलं आणि त्यात हेच क्रियापद घातलं. विद्यार्थी फी ‘रिमिट’ करतो म्हणजे भरतो. मुख्याध्यापक ‘रिमिट’ करतात म्हणजे माफ करतात. “कर्ता कोण ते आधी बघा,” ते म्हणाले. गयावया करणारा एकही शब्द त्यांनी त्या अर्जात येऊ दिला नाही. मुलांची मान ताठ राहावी म्हणूनच त्यांनी हे क्रियापद निवडलं असणार, असं मी आजही मानतो. आमचे अर्ज मंजूर झाले.

पुढे मी कोर्टात नोकरीला लागलो. तिथे प्रकरण ‘रिमिट’ होतं, म्हणजे वरचं कोर्ट ते फेरविचारासाठी खालच्या कोर्टाकडे पाठवतं. राज्यघटनेच्या 72 व्या कलमात राष्ट्रपतींना शिक्षा ‘रिमिट’ किंवा ‘कम्यूट’ करण्याचा अधिकार आहे. कम्यूट केली की शिक्षेचा प्रकार बदलतो, जशी फाशीची जन्मठेप; रिमिटमध्ये प्रकार तोच राहून मुदत घटते. नव्या सहकाऱ्यांना हा फरक मी आवर्जून समजावतो, आणि हे क्रियापद मला कुठल्या शाळेत शिकवलं, तेही सांगतो.